मिठाचं गाडगं

आमच्या जुन्या घरात चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या मयालीला दोन शिंकी टांगलेली असत. एक दुधादह्याचं, ते वर्षातून आठ महिने रिकामं. दुसऱ्यात मिठाचं गाडगं. ते कधी रिकामं राहिल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि खडे मीठ जमिनीवर ठेवलं तर आषाढात आपोआप पाणी होतं. म्हणून ते धुरावर टांगायचं. गाडग्याला खालून घाम फुटला की आजी त्याखाली पळसाच्या पानाचा द्रोण ठेवायची आणि टपकलेलं खारं पाणी संध्याकाळच्या भाजीत टाकायची. थेंब वाया गेलेला तिला खपत नसे.

मीठ हातातून हातात द्यायचं नाही, भांडण होतं. वाटी खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं. ही दुसरी गोष्ट आजी इतक्या खात्रीने सांगायची, की लहानपणी मी सांडलेला एकेक खडा बोटाने वेचून परत गाडग्यात टाकत असे. आज वाटतं, महाग वस्तूला राखण म्हणून कोणी तरी या गोष्टी रचल्या असाव्यात. स्वस्त वस्तूसाठी कोणी परलोकाची भीती घालत नाही.

मीठ महाग होतं यावर आमच्या पोरांचा विश्वास बसत नाही. सालेकसा नकाशात पाहावं. पश्चिमेचा समुद्र हजार किलोमीटरवर, पूर्वेचा, ओडिशाकडचा, पाच-सहाशे किलोमीटरवर. मध्ये डोंगर, बांबूचं रान आणि नद्या. रेल्वे येण्याआधी या भागात मीठ यायचं ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. हजारो बैलांचे तांडे समुद्राकडून मीठ घेऊन यायचे आणि परत जाताना धान्य न्यायचे. लमाण हा शब्दच लवणावरून आला असं पुष्कळ जण मानतात. तांडा वर्षातून एक-दोनदाच यायचा, आणि तो सांगेल तोच भाव.

त्यावर सरकारचा कर. इंग्रजांनी उत्तरेत सिंधूपासून आमच्या मध्य प्रांतातून खाली महानदीपर्यंत एक जकातीची रेघ ओढली होती. तिची लांबी 2300 मैलांहून जास्त होती. बऱ्याच ठिकाणी ती रेघ म्हणजे काटेरी झाडांचं उंच कुंपण होतं आणि त्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला होती. कशासाठी? तर मुख्यतः मीठ चोरून इकडचं तिकडे जाऊ नये म्हणून. 1879 साली ती रेघ मोडली. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाने 2001 साली या कुंपणावर पुस्तक लिहिलं, तोपर्यंत आपल्याकडेही ते जवळपास विसरलं गेलं होतं. रेघ गेली, पण कर राहिला. 1882 पासून मणाला 2 रुपये, 1888 पासून अडीच रुपये. मण म्हणजे साधारण 37 किलो. पाच माणसांच्या घराला वर्षाला अर्धा मण मीठ लागतं असं धरलं, तर नुसत्या करापोटी सव्वा रुपया जात होता. शेतमजुराची रोजी काही आण्यांत मोजली जायची त्या काळातला हा सव्वा रुपया. पुढच्या दशकाच्या शेवटी 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर आले. त्या वर्षांतही मिठावरचा कर चालूच होता.

रेल्वे मात्र त्याआधीच आली होती. नागपूर-छत्तीसगड रेल्वे 1882 पर्यंत राजनांदगावला पोहोचली, आधी छोट्या रुळाची. मग बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रूळ रुंद केले. आमच्या दरेकशाच्या डोंगरातून, हाजरा फॉलच्या बाजूने जाणारी हीच ती लाइन. बंजाऱ्यांचा धंदा तिने बसवला आणि मीठ मालगाडीतून यायला लागलं. तरी ते स्टेशनवर यायचं, रानात नाही. स्टेशनपासून आत डोंगरात राहणाऱ्या गोंड-हलबी माणसाच्या हातात ते पोहोचेपर्यंत बाजारातल्या सावकाराचं माप मध्ये यायचं. आजी सांगायची, तिच्या माहेरी चैत्र-वैशाखात रानातून चार आणायचे, फोडून चारोळी काढायची आणि बाजारात नेऊन मापाला माप मीठ घ्यायचं. एक पायली चारोळी, एक पायली मीठ. आज चारोळीचा भाव कोणत्याही वाण्याला विचारा. बस्तरकडे हा व्यवहार तर परवापरवापर्यंत चालला.

मी तिला म्हणायचो, "आजी, तुमाले फसवलं नं त्यायनं."

ती म्हणायची, "फसवलं कायले? चार तं झाडाले लागते बापा. नोन कोन्या झाडाले लागते?"

नोन. आमच्याकडे जुनी माणसं मिठाला नोनच म्हणत. छत्तीसगड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोलीत सरमिसळ आहेच.

1930 साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा आमच्या प्रांताला समुद्र नव्हता. वऱ्हाडात अकोल्याजवळ दहीहांड्याला विहिरीचं पाणी खारं आहे, तिथे लोकांनी ते पाणी आटवून मीठ केलं आणि कायदा मोडला. पण बाकी प्रांताने दुसरा कायदा शोधला. बापूजी अणे यांनी 10 जुलैला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं. शेजारच्या शिवनी जिल्ह्यात तुरियाला 9 ऑक्टोबरला गवत कापायला जमलेल्यांवर गोळीबार झाला, त्यात चार आदिवासी मेले, त्यांतल्या तिघी बाया होत्या. शाळेत शिकवताना मी मिठाचा सत्याग्रह म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर समुद्र यायचा. मी तुरियाचं सांगायचो. ज्यांना समुद्र नाही त्यांचा मिठाचा सत्याग्रह गवतात झाला. शेवटी 1947 च्या वसंतात, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, मिठावरचा कर उठला.

तेव्हा आजी चाळिशीत होती. कर उठला तरी तिचा हात सैल झाला नाही. ती सकाळी एका वाटीत मिठाचे पाच-सहा खडे टाकायची आणि वर पाणी. ही मिठवणी. भाजीत, डाळीत मीठ घालायचंच नाही. शिजवताना आळणी, आणि ताटात वाढल्यावर ज्याच्या-त्याच्या भातावर मिठवणीचा एक पळा. दुसरा पळा मागितला तर ती आपल्याकडे बघायची, एवढंच. भातासोबत अंबाडीची आंबट भाजी, नाही तर चिंचेचं सार, भाजलेली मिरची, हिवाळ्यात जवसाची चटणी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी असायची, तिची भाजी आणि पुढे डाळ. पावसाळ्यात तरोटा, वास्ते, सात्या. यातलं काहीही विकत आणलेलं नसायचं. विकतचं एकच, मीठ. म्हणून तेच सगळ्यांत कमी.

मायच्या हाती चूल आली तोवर काळ पालटला होता. मीठ बाजारातली सगळ्यांत स्वस्त वस्तू झालं होतं आणि बाकी सगळं महाग. रान तुटत गेलं, भाजी वेचायला पूर्वीपेक्षा लांब जावं लागे, आणि रोवण्याच्या दिवसांत कोण जाणार वेचायला? सकाळी रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली बासी. तिच्यावर मीठ, सोबत कांदा किंवा हिरवी मिरची. ते खाऊन बाया चिखलात उतरायच्या, दुपारी बांधीच्या धुऱ्यावर पुन्हा भात आणि मीठ-मिरची. वर सुकसी भाजली तर चैन, आणि सुकसी म्हणजे मिठातच वाळवलेली मासोळी. भाजी नसली की मीठ वाढायचं. मीठ हीच भाजी झाली होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. आजी म्हातारपणी खाटेवरून ओरडायची, "किती उडवतेस वं नोन!" माय हसायची. रुपयाला ढीग येणाऱ्या वस्तूसाठी काय ओरडायचं?

2003 साली मायला चक्कर आली म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. वरचा दाब 170, खालचा 100. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "बाई, जेवणातलं मीठ निम्मं करा."

माय म्हणाली, "भाजी तं आधीच निम्मी हाये जी. आता नोनबी निम्मं करू? मंग भात खाऊ कायसंग?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही नाही. पुढे वीस वर्षांत मी मिठावर पुष्कळ वाचलं, व्याख्यानं ऐकली, पण मायने विचारला तो प्रश्न कोणी विचारलेला ऐकला नाही.

आम्ही आधी चूक केली ती सगळेच करतात तीच. मायची भाजी वेगळी, बिनमिठाची. ती दोन दिवस निमूट खात राहिली. तिसऱ्या दिवशी बायकोला गादीखाली लोणच्याची वाटी सापडली. मायला आम्ही रागावलो, ती रडली. ऐकायला हसू येईल, पण घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. आणि गावातले सल्ले वेगळेच. कोणी म्हणे, घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच, नाही तर हातपाय वळतात. कोणी म्हणे, पांढरं सोड, सैंधव खा, त्याने दाब चढत नाही. घामातून मीठ जातं हे खरं, पण उन्हात कामाची सवय असलेल्या अंगातून ते कमी जातं, आणि आमच्या ताटात ते जाण्याच्या कितीतरी पट येत होतं. सैंधव काय, काळं मीठ काय, दोन्ही बहुतांश तेच सोडियम. पाकिटावर कमी सोडियमचं असं लिहिलेलं मीठही निघालं आहे. त्यात पोटॅशियम घालतात. ते महाग तर आहेच, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये.

त्या आठवड्यात मला गांधीजींच्या आत्मकथेतली एक हकिगत आठवली. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या दुखण्यात त्यांनी बांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. बा म्हणाल्या, हे तर तुम्हालाही कोणी सांगितलं तर जमणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. मिठासाठी सगळा देश उभा करणारा माणूस त्याआधी स्वतः मिठाशिवाय राहून बसला होता. आम्ही काही महात्मे नाही, मीठ सोडलंही नाही. पण एक भांडं करायचं, सगळ्यांनी तेच खायचं, एवढं ठरलं.

मग आजीची वाटी परत निघाली. शिजवताना अगदी थोडं मीठ आणि वरून मिठवणीचा एक चमचा, ज्याने-त्याने आपला घ्यायचा. शिजवताना घातलेलं मीठ भाजीत मुरून जातं, जिभेला कळत नाही. वरून घातलेलं थोडंसंही कळतं. हे आजीला कोणी शिकवलं नव्हतं, महागाईने शिकवलं होतं. परसात अंबाडी लावली, मुंगण्याच्या दोन फांद्या कुंपणात खोचल्या, त्या सहज लागतात. चिंच गावातलीच. कैऱ्यांच्या फोडी मीठ न लावता वाळवल्या. ढगाळ दिवस आले तर बुरशी धरते, पहिल्या वर्षी अर्ध्या फेकाव्या लागल्या. आंबट, तिखट आणि भाजलेल्या लसणाचा वास असला की जीभ मिठाची आठवण कमी काढते. पहिले दोन-तीन आठवडे सगळं फिकं लागतं, हेही सांगून टाकतो. पोरांनी तोंडं वाकडी केली. नंतर सवय झाली, इतकी की लग्नाच्या पंगतीतली भाजी आम्हाला खारट लागू लागली.

आणि मोजलं. पगार थोडा, खर्च जास्त, त्यामुळे मोजायची सवय होतीच, फक्त मीठ कधी मोजलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत, आणि त्यात लोणचं-पापड सगळं आलं. आमचं पाच माणसांचं घर. 1 किलोचं पाकीट फोडलं की माय चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारायची, मी खाली तारीख लिहायचो. पहिलं पाकीट 18 दिवस गेलं. म्हणजे माणशी रोज 11 ग्रॅम. गाईच्या कोंड्यात घालायचं मीठ वेगळं काढलेलं होतं, ते यात नाही. तीन महिन्यांनी पाकीट 27 दिवस पुरलं, साडेसात ग्रॅम. वर्षाने 32 दिवसांवर आलं. 40 दिवस पुरायला हवं, तिथे आम्ही कधीच पोहोचलो नाही. मायची गोळी सुटली नाही, सुटायचीही नव्हती. पण वरचा दाब 140 च्या आसपास राहू लागला.

हे चाललं असतानाच तिकडे माझ्या मावशीच्या घरी मिठाचा पूर आला होता. मावशी डोंगरगडकडे दिलेली. 2004 मध्ये छत्तीसगड सरकारने गरिबांना 25 पैसे किलोने मीठ द्यायला सुरुवात केली, पुढे फुकटच. अमृत नमक नाव होतं. त्यामागे कारण चांगलं होतं, मला त्याची थट्टा करायची नाही. आयोडीन नसलेल्या मिठाने गलगंड होतो, पोरं मंद निपजतात, त्यासाठी 1962 पासून देशात कार्यक्रम चालू आहे, आणि 2006 च्या मे महिन्यापासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. आमच्या बाजारातले खडे मिठाचे ढीग त्यानंतर हळूहळू उठले. आणि चारोळी देऊन मीठ घेणाऱ्यांच्या नातवंडांना ते घरपोच मिळावं, यात न्यायही होता. मावशी कचारगडच्या जत्रेला आली की दोन पाकिटं मायसाठी घेऊन यायची. बहिणीला माहेरची भेट म्हणून मीठ! माय ती ठेवून घ्यायची, नाही कसं म्हणणार?

मावशीलाही दाब होता. तिने गोळी दोन महिने घेतली आणि बरं वाटतंय म्हणून सोडली. 2009 च्या पावसाळ्यात रोवणा चालू असताना तिला बांधीतच लकवा मारला. डावी बाजू गेली. खाटेवर घालून, मग ट्रॅक्टरवर, मग गाडीने नेलं. ती पुढे चार वर्षं जगली, पण चमच्याने भरवावं लागे. माय तिला भेटायला गेली तेव्हा ताटात भात, फिकं वरण आणि बाजूला मिठाची ढिगुळी होती. माय मला म्हणाली, "तिच्या घरी तांदूर फुकट, नोन फुकट. डार कोनी देल्ली नाई फुकट."

यापुढे मी काय सांगू? आता आमच्याकडेही रेशनचा तांदूळ माणशी 5 किलो फुकट मिळतो. त्यावर घालायला जे सगळ्यांत स्वस्त, तेच लोक घालतात. 2017 च्या अखेरीस केंद्र सरकारने आणि आयसीएमआरने रक्तदाबासाठी एक मोहीम पाच राज्यांच्या 25 जिल्ह्यांत सुरू केली, आपल्या राज्यातल्या चार जिल्ह्यांत आमचा जुना भंडारा होता. गोळ्या गावाजवळ मिळणं, दाब दर महिन्याला बघणं, यावर तिचा भर. मावशीच्या वेळी असं काही असतं तर, असं मनात येतं. पण गोळीसोबत कोणी मूठभर लाखोळीची डाळ दिली नाही आणि अंबाडीचं बी दिलं नाही, हेही मनात येतं.

माय आता ऐंशीच्या पुढे आहे. चूल गेली, गॅस आला, कोळशाच्या रेघा चुन्याखाली गेल्या. पाकिटावर तारीख सूनबाई पेनने लिहिते. पण आता मोजण्यात नवीच अडचण आहे. नातू शाळेतून येताना पाच रुपयांचं चुरमुरीत काहीतरी घेऊन येतो, कधी दोन. ते मीठ आमच्या पाकिटात मोजलं जात नाही. मायच्या ते लक्षात आलं, माझ्या नाही. एके दिवशी तिने रिकामं पाकीट माझ्याकडे फेकलं. "वाच यात किती हाये."

बारीक अक्षरात सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं होतं, तेही 100 ग्रॅमला. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. मी कागदावर हिशोब केला. त्या एवढ्याशा पाकिटात अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त मीठ होतं, दोन खाल्ली तर सव्वा ग्रॅमपर्यंत. मोठ्या माणसाच्या दिवसाच्या पाव वाट्याएवढं, आणि नातू नऊ वर्षांचा.

"ग्राम मले नको सांगू," माय म्हणाली. "खडे किती?"

गाईसाठी आणलेलं खडे मीठ गोठ्यात होतं. मी अंदाजाने तेवढे खडे काढले आणि तिच्या तळहातावर ठेवायला गेलो. तिने हात मागे घेतला.

"हातात देऊ नको," ती म्हणाली. "वाटीत ठेव. आन् बोलाव पोट्ट्याले."